जत्रेत मणकाईचा गळा मोकळा का

मणकवडीच्या जत्रेला आलेला पाहुणा पहिल्यांदा हेच विचारतो. गावात घरटी काचेचे मणी होतात. दिव्याच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवायची, सळईवर गुंडाळायची, की झाला मणी. निळे, हिरवे, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे. आमच्या म्हशीसुद्धा मण्यांशिवाय गोठ्याबाहेर पडत नाहीत. आणि जिच्या नावावर हे सगळं चालतं त्या मणकाई देवीचा गळा ऐन माघी पौर्णिमेला मोकळा! माळ चोरीला गेली का, म्हणून कालच एका बाईंनी विचारलं. चोरीला कशाला जाईल? गाभाऱ्यातल्या डब्यात आहे की. का घालत नाही ते ऐकायचं असेल तर टेका जरा. चहा येतोय.

फार मागची गोष्ट, असं सांगतात. गावात रायाजी नावाचा मणी करणारा होता. डोळ्याचा मणी पाडावा तो त्यानेच. मण्याच्या अंगावर पांढरा ठिपका, त्यावर निळा, त्यावर काळा. तिन्ही थेंब एकावर एक नेमके बसले पाहिजेत, जरा हात हलला की मणी चकणा. हात सोन्याचा, पण तोंड म्हणजे फुटाण्याची भट्टी. बायको लवकर वारलेली, एकुलता मुलगा हिरोजी. तो लहानपणी तापाने अगदी जायला टेकला, तेव्हा रायाजी नवस बोलला, “आई, पोर वाचव. त्याच्या लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला एकशे आठ डोळ्यांची माळ तुझ्या गळ्यात घालीन.” पोर वाचलं.

हिरोजीचं लग्न झालं ते घाटाखालच्या मुलीशी. मिठाचे बैल घेऊन तिकडची माणसं वर येत, जाताना मणी नेत, त्यातून सोयरीक जुळली. मुलीचं नाव सकवार. ती आली मार्गशीर्षाच्या शेवटी, आणि जत्रा माघात! रायाजीच्या डोक्यात माळेशिवाय दुसरं काही नव्हतं. हळदीचे हात पुरते धुतलेही नव्हते, की दुसऱ्या दिवशी पहाटे सुनेला दिव्यापुढे बसवलं. धूर नवा, थंडी नवी, जेवण नवं, बोललेलं निम्मं कळत नाही. कुणाला आईची आठवण येणार नाही हो? पण पोरगी बसली बिचारी. महिना-सव्वा महिना फुंकणी फुंकत, डोळे पाडायला शिकत राहिली.

एके दिवशी तिने स्वतःच्या मनाने एक मणी केला. हिरवी काच, तिच्यात निळी मुरवलेली, आणि वरून पांढऱ्या काचेचा बारीक धागा, असा वाकडातिकडा फिरवलेला. डोळा नाही, काही नाही. रायाजीने लांबूनच पाहिलं आणि सुटला. “आगं, डोळं पाड म्हटलं तर ह्ये काय शेवाळ काढलंस? तुझ्या बापानं मिठासंगं तुझी अक्कलबी इकली का काय?”

मणी अजून सळईवर तापलेलाच होता. तो पुन्हा म्हाताऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून सकवारने चुलीतल्या गरम राखेत खोल खुपसून दिला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मिठाचे बैल परत निघाले होते. त्यांच्याबरोबर तिच्या गावच्या दोन बाया होत्या. ती त्यांच्यात मिसळली आणि गेली.

त्या काळी, म्हणे, मणी ज्योतीतून काढला की अंगणातल्या फरशीवर मांडून ठेवत. दहातले चार तडकायचे. काचेचं नशीब, असं म्हणून लोक पुढच्या कामाला लागायचे. त्या सकाळी वारा असा बोचरा सुटला, की रायाजी अंगणात आला तेव्हा माळेसाठी मांडून ठेवलेले डोळ्याचे झाडून सगळे मणी तडकलेले, आधी तगलेलेसुद्धा. तीन महिन्यांची मेहनत! त्याने कपाळ बडवून घेतलं, सुनेच्या पायगुणाला शिव्या घातल्या. मग कळलं की सून घरात नाही.

ती नाही म्हटल्यावर चुलीतली राख काढायची पाळी म्हाताऱ्यावर आली. राखेत सळई लागली. तिच्या टोकाला तो हिरवा मणी, चरा नाही की तडा नाही. रायाजी तोंडाचा कसाही असला तरी कारागीर होता. त्याने त्या दिवशी चार मणी केले. दोन फरशीवर ठेवले, दोन राखेत. दुसऱ्या दिवशी फरशीवरचे दोन्ही फुटलेले, राखेतले दोन्ही धड. ज्योतीतून काढलेल्या काचेला हळूहळू निवू द्यावं लागतं, हे आमच्या गावाला त्या दिवशी समजलं.

भावकी गोळा झाली. सगळे म्हणाले, देवीनेच वाट दाखवली. अजून आठ दिवस हातात आहेत, दिवसरात्र बस आणि माळ पुरी कर, नवस मोडला तर मुलावर येईल. हिरोजी म्हणाला, “तुमी बसा, मी आणतो तिला.”

रायाजीने तो हिरवा मणी उचलून उजेडाकडे धरला. मग म्हणाला, “बोललो मी, जायाचं मी. काचंला रातभर दम द्यावा लागतो, आन् त्या लेकराला मी एक दिस दिला न्हाई.” लोकांनी देवीच्या कोपाची भीती घातली. त्याला काय भीती वाटत नव्हती? पण मणी कनवटीला खोचला आणि चार दिवस चालून म्हातारा घाट उतरला.

सकवारच्या माहेरी तो खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जाऊन उभा राहिला. नवऱ्या मुलाचा बाप असा न बोलावता दारात, म्हणजे केवढी नामुष्की! तिची आई लगबगीने बाहेर आली, “व्याही, वर या, पाय धुवा.” हा म्हणाला, “हितंच बरा हाय.” तोंडावर आलं होतं, सुनेला बोलवा, तिला सांगा चल म्हणून. ते गिळलं आणि तुळशीजवळ बसला.

दोन दिवस झाले, सकवार काही बाहेर आली नाही. तिला वाटलं, हा ओरडायला आलाय. गावातली माणसं कुंपणाशी येऊन बघून जात. व्याही रोज जेवायला बोलवायचे, तेवढं ओटीवर बसून जेवायचा आणि पुन्हा खळ्यात. तिसऱ्या दिवशी व्याह्यांबरोबर मिठागरापर्यंत गेला. डोळ्यांपुढे समुद्र. रायाजीने आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. हिरवं पाणी, मध्ये निळं झालेलं, आणि काठाला फेसाची पांढरी रेघ वाकडीतिकडी. त्याने कनवटीचा मणी काढून तळहातावर ठेवला, आणि एकदा मण्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं. पोरीने आपलं माहेर काढलं होतं काचेत, आणि आपण त्याला शेवाळ म्हणालो!

पौर्णिमा आली आणि गेली. त्या संध्याकाळी त्याने घाटाकडे तोंड करून हात जोडले, डोळे पुसले, आणि पुन्हा जागेवर बसला.

सहाव्या दिवशी सकवार बाहेर आली. समोर उभी राहून म्हणाली, “मामंजी, जत्रा झाली की हो.”

“झाली.”

“माळ?”

“न्हाई झाली.”

“मग इथं काय बसलात?”

रायाजीने मणी पुढे केला. “समुद्र ठावा नव्हता गं मला, पोरी. चुकलो.”

सकवार रडली. पोटभर रडली, म्हणे. मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, “मला अजून चार दिवस आईजवळ राहायचंय.” तो म्हणाला, “तू म्हणशील तवा.”

चार दिवसांचे आठ झाले, पण ती त्याच्याबरोबर आपणहून परतली. माळ सासऱ्यासुनेने मिळून केली, प्रत्येक मणी राखेत निववून. मधोमध तो हिरवा मणी ओवला. जत्रा होऊन दोन महिने उलटल्यावर सकवारने ती देवीच्या गळ्यात घातली. हिरोजीला साधी शिंकही आली नाही. देवी काय, आईच शेवटी, तिला कळतं.

तेव्हापासूनची ही रीत. आजही माघी पौर्णिमेआधी माळ उतरवतात आणि मणकाई मोकळ्या गळ्याने बसते. त्या वर्षी गावात जी सर्वांत नवी सून आली असेल, तिने येऊन सांगायचं, की आता मला इथं बरं वाटतंय, माळ घालू का. मग वाजतगाजत माळ. पुजाऱ्याने विचारायचं नाही, सासूने सुचवायचं नाही, सासऱ्याने तर त्या वाटेला जायचंच नाही. एका वर्षी पंधरा दिवसांत घातली होती. एका वर्षी श्रावण उजाडला.

यंदाची सून आमच्याच घरातली, नातसून. लातूरकडची आहे, कॉलेज शिकलेली. तुम्हाला हा चहा दिला ना, तीच. गोड आहे, पण रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर जाऊन एकटीच बसते. नाही हो, माळ कधी घालणार ते मला नका विचारू. तिलाही विचारू नका. तिने अजून काही सांगितलेलं नाही, आणि आम्हाला काही घाई नाही.