घाटमाथ्यावरची पाणपोई

फार फार जुनी गोष्ट आहे. राज्याचं नाव विचारू नका, ते कुठलंही असू शकतं. त्या राज्यात एक अवघड घाट होता. चढताना जीव मेटाकुटीला यायचा आणि माथ्यावर पाण्याचा थेंब नव्हता. म्हणून राजानं तिथं पाणपोई बांधली. दोन रांजण, एक सेवक, आणि पायथ्याच्या नदीवरून रेड्याच्या पाठीवर पखाल लादून पाणी आणणारा एक म्हातारा पखालजी. कारभार एवढाच.

पखालजी दिवसाला तीन खेपा करी. रांजण भरलेले असत, वाटसरू पाणी पिऊन, दुवा देऊन पुढे जात.

मग सेवक वाढले. सेवकांवर नाईक आला, नाइकावर अधिपती आले. अधिपतींना घोडा हवा, घोड्याला मोतद्दार. पुढे फरसबंद अंगण झालं, बाग झाली. चाळीस माणसं जमली आणि चाळिसांच्या आंघोळी आल्या. पखालजीच्या खेपा तिनाच्या सहा झाल्या, तरी रांजण तळाला! यावर उपाय काय काढला? जीभ-तपासनीस नेमला. वाटसरूनं त्याला जीभ दाखवायची. पुरेशी कोरडी असली तरच ओंजळभर पाणी.

“कमाल आहे या माणसांची!” पखालजी वैतागून रेड्याला म्हणाला. “पाणी पितात हे, आणि जिभा तपासतात लोकांच्या.”

“दुखणं हाल्याला आणि डाग पखालीला,” रेडा म्हणाला. “आमच्यावरची म्हण आहे, पण तुम्हा माणसांनाच शोभते.”

वैशाखातली भर दुपार. दुसऱ्या दिवशी राजा पाहणीला येणार होता. अंगण दोनदा धुऊन झालं होतं. रांजण घासून, पुसून, कोरडे करून ठेवले होते. तेवढ्यात एक कासारीण पाच वर्षांच्या लेकीला पाठीवर घेऊन धापा टाकत आली. पोरीचे डोळे फिरले होते, मान लटकत होती.

“पाणी द्या हो, दादा!”

“तपासनीस जेवायला गेलेत. बसा,” सेवक म्हणाला.

“अहो, लेकरू जातंय माझं!”

“आणि रांजणात उद्यापर्यंत पाणी भरायचं नाही. डाग पडतात.”

इतक्यात पखालजी वर पोचला. त्याला पाहताच सेवक ओरडला, “आधी बाग!”

पखालजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं तो मुकाट पाणी ओतत आला होता, त्याची त्याला लाज वाटली. त्यानं जागीच पखालीचं तोंड सोडलं, पोरीच्या तोंडावर पाणी मारलं, ओठांत थेंब थेंब सोडलं. बऱ्याच वेळानं पोरीनं डोळे उघडले आणि ती म्हणाली, “अजून.” मागून आलेले वाटसरूही तिथंच पोटभर पाणी प्याले. बाग कोरडी राहिली.

दुसऱ्या दिवशी अधिपतींनी पखालजीला राजापुढे उभं केलं. “महाराज, यानं पाणपोईचं पाणी वाटसरूंना वाटलं!”

राजा चमकला. “मग ते कुणासाठी होतं?”

“पाणपोईसाठी, महाराज.”

“आणि पाणपोई कुणासाठी?”

अधिपतींनी नाइकाकडे पाहिलं, नाइकानं तपासनिसाकडे. तपासनीस चाचरत म्हणाला, “त्यासाठी जुने कागद काढून बघावे लागतील.”

“कागद!” पखालजीला राहवेना. “महाराज, काल ते लेकरू गेलं असतं, तर कागद बघून परत आणणार होते का हे? आणि तुम्ही तरी इतकी वर्षं कुठं होता?”

राजानं मान खाली घातली. मग हुकूम दिला: आजपासून वाटसरू आधी पितील, सेवक शेवटी. आपल्या आंघोळीचं पाणी ज्यानं त्यानं नदीवरून स्वतःच्या खांद्यावर आणावं.

आठ दिवसांत छत्तीस जण आपण होऊन निघून गेले. सगळ्यात आधी अधिपती गेले. बाग वाळली, अंगणावर धूळ बसली आणि रांजण काठोकाठ भरले.

तात्पर्य: जी संस्था आधी स्वतःची तहान भागवते, तिच्या दारात लोक तहानेनं मरतात.