रावजीच्या खाचरातली लावणी

कोकणातल्या एका खोतीच्या गावात एकदा खोताची जमीन कसणारे एक वृद्ध कूळ राहत असे. सारे त्यांना तात्या म्हणत. दिवस जगभरच्या मंदीचे होते. भाताचा भाव निम्म्यावर आला, पण खोताचा निम्मा वाटा आणि त्याच्या घरची फुकटची वेठ तशीच चालू राहिली. तेव्हा तात्यांनी कुळांना एकत्र केले. वाटा तिसरा द्यायचा, वेठ करायची नाही, आणि खोताने कुणाची जमीन काढून घेतली तर ती दुसऱ्याने कसायची नाही, असे सर्वांनी ठरवले. तात्यांच्या हाताखाली तयार झालेला दौलत घरोघर फिरून या शब्दाची आठवण देत असे.

खोताने पहिला घाव या कुळांपैकी रावजीवर घातला. त्याचे भाताचे खाचर काढून परगावच्या झिलूला दिले. झिलूची मुंबईच्या गिरणीतली नोकरी सुटली होती. बायको आणि दोन लहान मुली घेऊन तो आला होता. दौलतने गावाला बजावले, की याला कोणी बैल देऊ नयेत, मदतीला जाऊ नये. गावाने ऐकले. लावणीचे दिवस सरत चालले, रोपे जून होऊ लागली, आणि झिलू नि त्याची बायको कुदळीने चिखल करीत राहिली. आठवडाभरात हा माणूस निघून जाईल, असा दौलतचा हिशेब होता.

एके सकाळी दौलत पाहतो तर तात्यांची बैलजोडी त्याच खाचरात! नांगर खुद्द तात्यांनी धरलेला. दौलतच्या मस्तकात तिडीक गेली. बांधावर उभा राहून तो म्हणाला, "तात्या, हा नियम तुम्हीच घालून दिलात. आता रावजीला तोंड कसं दाखवणार?"

तात्यांनी बैल थांबवले. "काल रावजीलाच विचारायला गेलो होतो. तो म्हणाला, जा."

तात्या पुढे म्हणाले, "आपल्याला हुसकायला खोताला दर वेळी आपल्याहून भुकेला माणूस लागतो. आज झिलू मिळाला. याला उपाशी हाकललंस तर उद्या दुसरा येईल. किती जणांना हाकलशील? पण हा आपल्यात आला, तर खोतानं शोधायचं कुणाला?"

इतक्यात रावजी आणि त्याची बायको बांधावरून आली. कुणाकडे न पाहता रावजी खाली उतरला आणि त्याने रोपांची एक जुडी उचलली. झिलूचे हात थांबले. "दादा, ही जमीन तुमच्याकडून काढलेली, मला ठाऊक नव्हतं," एवढेच तो म्हणाला. जरा वेळाने दौलतनेही धोतर खोचले.

त्या साली दोन्ही घरांनी ते खाचर मिळून केले. झिलूने आपल्या गावी जाऊन बेकार बसलेल्या माणसांना सारी हकीकत सांगितली. पुढे खोताने आणखी दोघांना घालवायचे ठरवले, तेव्हा तीन गावे फिरूनही त्याला कूळ मिळाले नाही. कापणीनंतर त्याने तिसरा वाटा कबूल केला आणि खाचरावर रावजीचे नाव पुन्हा लावले. झिलूलाही ओढ्यापलीकडचा पडीक तुकडा मिळाला. वेठ मात्र लगेच सुटली नाही. तिच्यासाठी आणखी दोन वर्षे झगडावे लागले.

त्या झगड्यात एकदा खोताने दूरचे एक कुटुंब बैलगाडीतून आणून गावात उतरवले. माणसे संतापून जमली. दौलत सर्वांच्या पुढे झाला, गाडीजवळ गेला आणि त्या परक्या माणसाला त्याने विचारले,

"सकाळपासून काही खाल्लंय का?"