बारावी गाठ

कड्याच्या अगदी माथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात हैबती नावाचा दोर वळणारा राहत होता. घायपाताचा दोर वळावा तर त्यानेच. पीळ असा की खुशाल हत्ती बांधा. पण माणूस म्हणाल तर हेकट. अंगाने बुटका, आणि त्याचाच त्याला राग. लहानपणी पोरं त्याला 'आखूड' म्हणून चिडवायची. मोठा झाल्यावर त्याने तो शब्दच घराबाहेर काढला. कुणी म्हणालं, "हैबती, दावं जरा आखूड पडतंय," की हा भडकलाच. "दावं लांबच आहे. तुझा खुंटा दूर आहे, तो उपट." लोक हसायचे आणि दावं घेऊन जायचे. बैलाला वीतभर कमी-जास्त झालं म्हणून काय बिघडतं?

कड्याच्या दोराचं तसं नव्हतं.

त्या कड्याच्या पोटात आग्या मधमाश्यांची पोळी लागत. पोळ्यांखाली एक अरुंद ओटा होता, आणि ओट्याखाली सरळ दरी. बुधा नावाचा गडी दोरावरून त्या ओट्यावर उतरायचा आणि मध काढायचा. तोंडाला घोंगडी गुंडाळलेली, कमरेला ओल्या गवताची धुमसती पेंढी. धुरात त्याला स्वतःचे पायसुद्धा दिसत नसत. मग ओटा आला हे कळायचं कसं? गाठींवरून. दोराला दर वावाला एक गाठ असे. वाव म्हणजे काय? दोन्ही हात ताणून पसरायचे; या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. ओटा बारा वाव खाली. बारावी गाठ पायाला लागली की बुधा बेलाशक दोर सोडायचा. पाय ओट्यावरच पडायचे.

हैबतीचा बाप होता तोवर दोर वळायचा हैबती आणि मोजायचा बाप. बाप ताडासारखा उंच, हात गुडघ्याला टेकतील असे. गेल्या साली तो वारला. जुना दोरही झिजला. नवा दोर हैबतीने वळला आणि पहिल्यांदाच स्वतः मोजला. बारा वाव, बारा गाठी.

त्या गावात दोन नेम होते. नव्या दोरावर पहिल्यांदा माणूस उतरताना वळणाऱ्याने कड्यावर दोराला हात लावून बसायचं. आणि माणूस दोरावर असेतो कुणी ब्र काढायचा नाही. आवाज झाला की माश्या उठतात, आणि उठल्या की ज्याने आवाज केला त्याला सोडत नाहीत.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे कड्यावर जमले. बुधा होता, त्याची बायको कमळी होती, वर ओढून घ्यायला तिचे दोघे भाऊ होते. जांभळीच्या बुंध्याला नवा दोर बांधला.

बुधा कंबर कसत म्हणाला, "काय हैबत्या, पोचतो ना तुझा दोर? का मला मधेच लोंबत ठेवतोस वटवाघळासारखा?"

"उतर गुमान," हैबती म्हणाला. "चांगला लांब आहे."

कमळीला थट्टा सुचेना. "भाऊजी, नीट मोजलात ना?"

"वहिनी, बारा म्हणजे बारा. दोनदा मोजलाय."

बुधा कड्याखाली गेला. सगळे गप्प झाले. हैबती दोरावर तळवा ठेवून बसला. बुधाचा पाय गाठीवर टेकला की दोराला बारीक हिसका बसे. हैबती मनात मोजू लागला. एक. दोन. तीन.

मधाची टोपली सोडायला कमळीने जुना दोर आणला होता. माणसाला तो पेलत नसला तरी टोपलीला पुरे होता. तिने तो त्याच बुंध्याला बांधला आणि नव्या दोराशेजारी ठेवला.

हैबतीची नजर सहज तिकडे गेली. नव्या दोराची पहिली गाठ जुन्याच्या पहिल्या गाठीच्या अलीकडे होती. चांगली वीतभर अलीकडे.

ओटा बारा वाव खाली होता खरा, पण ते वाव बापाचे होते. एका गाठीला वीत, तर बारा गाठींना बारा वीत. एका उंच माणसाने वर हात केला तरी बारावी गाठ त्याच्या हाती लागली नसती, इतकी ती ओट्याच्या वर राहणार होती. बुधा धुरात दोर सोडणार, आणि त्या अरुंद ओट्यावर तो काही टिकत नव्हता.

पाच. सहा.

आता ओरडायला हवं होतं. पण माणूस कसा असतो बघा. खाली जीव लोंबतोय आणि हा गडी सबबी शोधतोय! नवा दोर आहे, वजनाने ताणेल. ओटा जरा वरच असेल. आणि ओरडून सांगायचं तरी काय? तोच शब्द? कमळीसमोर, तिच्या भावांसमोर? उद्या सगळं गाव म्हणेल, आखुडाने आखूड दोर वळला. वर माश्या येतील त्या वेगळ्या.

आठ. नऊ.

त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कमळीने त्याच्याकडे पाहिलं. घामाने भिजलेला चेहरा बघून तीही पांढरी पडली.

दहा. अकरा.

"बुधा, थांब!" हैबतीने बोंब ठोकली. "सोडू नको! दोर आखूड आहे! आखूड आहे रे! मोजताना मी चुकलो!"

दरीतून घोंघाट उठला. काळा ढग वर आला आणि हैबतीवर बसला. पण दोर त्याने सोडला नाही. कमळीच्या भावांबरोबर तोही ओढत राहिला. कमळीने टोपलीखालची घोंगडी त्याच्या डोक्यावर टाकली.

बुधा वर आला. कितीतरी वेळ जमिनीला धरून बसला. मग म्हणाला, "बारावी पायाखाली आली होती. एक हात मी काढला होता."

कमळीने दोन्ही दोर शेजारी ताणून पाहिले. मग तिने विचारलं, "भाऊजी, तुम्हाला कितव्या गाठीला कळलं?"

हैबतीचे ओठ भाकरीएवढे सुजले होते. "पाचव्या," तो म्हणाला.

कमळीने बुधाला हात देऊन उठवलं आणि ती त्याला घेऊन घराकडे चालू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सूज उतरल्यावर हैबतीने जुन्या दोराच्या दोन गाठींमधल्या अंतराएवढी काठी तोडली आणि नवा दोर त्या काठीने मोजून वळला. पुन्हा सगळे कड्यावर जमले. पुन्हा त्याने तळवा ठेवला. बाराव्या गाठीचा हिसका बसला, आणि दोर त्याच्या हाताखाली सैल पडला. त्याने श्वास धरला. कमळीनेही धरला. मग टोपलीचा दोर खालून दोनदा ओढला गेला. बुधा ओट्यावर पोचला होता.

ती काठी त्याने दाराला टांगली. गिऱ्हाईक आलं की हा आधी काठी त्याच्या हातात द्यायचा. "मोजून घ्या. आखूड असला तर आखूड म्हणा."

तात्पर्य: आपण लांब म्हटल्याने दोर लांब होत नाही. चूक पाचव्या गाठीला कळली तर पाचव्यालाच बोलावं. बाराव्यापर्यंत थांबणाऱ्याची लाज वाचते, पण दुसऱ्याचा जीव जातो.