रवंथाचा टेक

हिवरवाडीच्या मागे टेकड्यांची रांग आहे. डोंगर म्हणावं अशी काही त्यांची छाती नाही; जमीन झोपेत कुशीवर वळली आणि तशीच राहिली, एवढीच त्यांची उंची. वीतभर मुरूम, त्याखाली काळा खडक. झाड म्हणाल तर एखादी बोर, एखादा हिवर. पश्चिमेचे ढग सगळं पाणी घाटावर सांडून येतात आणि इथवर पोचतात ते नुसती सावली द्यायला. त्यामुळे या माळाला पीक ठाऊक नाही, गवत तेवढं ठाऊक. रांगेतल्या शेवटच्या टेकडीला रवंथाचा टेक म्हणतात. मार्गशीर्षात बाकीच्या टेकड्या चरून चरून बोडक्या झालेल्या असतात, तेव्हा या एकीवर कमरेइतकं पिवळं गवत डुलत असतं. मग एक दिवस सगळं गाव तिच्या उतारावरून घोंगड्या ओढत फिरतं.

पाहुणे येतात, फोटो काढतात आणि हे काय चाललंय म्हणून विचारतात. सांगायचं काम सिदूनाना कोळेकरांचं. नाना आधी स्वतः बसून घेतात. "उभ्यानं सांगायची गोष्ट न्हवं ही," म्हणतात. "बसा. चढून आलायसा, दमला असशीला."

फार पूर्वी इथे गाव नव्हतं, असं सांगतात. मेंढपाळांचे वाडे फिरत फिरत यायचे, चार दिवस राहायचे आणि पुढे जायचे. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे. काही बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, ओझी वाहणारी घोडी आणि कुत्री, असं सगळं मिळून वाडा. अशाच एका वाड्याचा पुढारी होता तायाप्पा. तो तापाने गेला आणि पुढारपण त्याच्या बायकोकडे, ठकाबाईकडे आलं. लगेच कुजबुज सुरू झाली. बाईमाणसाच्या हाती एवढा कळप टिकायचा नाही, त्यापेक्षा मेंढरं वाटून घ्यावीत आणि ज्याने त्याने आपली वाट धरावी. ठकाबाईला मूलबाळ नव्हतं, माहेरचं कुणी उरलं नव्हतं. वाडा फुटला तर तिला या माळावर जायला दुसरी जागाच नव्हती. तिने बिरोबाचा भंडारा उचलला आणि सगळ्यांदेखत बोलून गेली, "मेंढरं पोट भरून बसल्याबिगर म्या बसणार न्हाय. बसले तर घ्या वाटून."

चांगल्या सालात अशी शपथ कुणीही घ्यावी. मेंढरू सकाळभर चरतं, ऊन चढलं की बसतं आणि डोळे मिटून रवंथ करतं. ते बसलं की धनगरानेही टेकायचं, हा तर रोजचाच रिवाज. तेव्हा बाईने फार मोठं काही कबूल केलंय, असं तिलाही वाटलं नाही आणि ऐकणाऱ्यांनाही नाही. पण त्या साली पाऊस श्रावणात एकदा येऊन गेला तो गेलाच.

मग चालणं सुरू झालं. ज्या टेकडीवर जावं तिथे आधीच कुणाचा तरी वाडा चरून गेलेला. दगड चाटावेत तशी मेंढरं जमिनीला तोंड लावायची आणि पुढे सरकायची. उपाशी मेंढरू बसत नाही. दिवसा चालतं आणि रात्री कळपाभोवती लावलेल्या जाळीच्या आत ताटकळत उभं राहतं. त्यांच्यासोबत ठकाबाई उभी. काठीला गाल टेकून ती डुलकी काढायची, म्हणे, आणि गुडघे वाकले की दचकून जागी व्हायची. पुढारीणच उभी म्हटल्यावर बाकीच्यांनाही बसायची चोरी. म्हातारी माणसं चालता चालता तिला शिव्या घालायची. त्या तिला ऐकू यायच्या, पण रागवायचंसुद्धा त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिला आता पुढारपण नको होतं, मान नको होता, मेलेल्या नवऱ्याची आठवणही नको होती. एकदा मांडी घालून बसावं, एवढंच हवं होतं.

अशा अवस्थेत वाडा या शेवटच्या टेकाखाली आला. टेकावर गवत होतं, चांगलं कमरेइतकं. पण ते कुसळीचं. कुसळीचं गवत कोवळं असतं तोवर ठीक. एकदा पिकलं की त्याच्या शेंड्याला सुईसारखी कुसळं येतात. ती मेंढराच्या ओठांत जातात, डोळ्यांत जातात, लोकरीतून कातडीत घुसतात आणि तिथे पू होतो. म्हणून कुठल्याच वाड्याने या टेकाला हात लावला नव्हता. पुढे गवत, आणि खाता येत नाही! त्याच्या पायथ्याशी ऐन दुपारी पुढची मेंढी बसली. तिच्यामागे दुसरी. बघता बघता सगळा कळप खाली बसला.

"बसली! बसली!" वाड्यात एकच ओरडा झाला. बाया तिथल्या तिथे मुरमावर आडव्या झाल्या. माणसं रडली म्हणे, आणि रडता रडता झोपली. ठकाबाईचा दीर कोंडू तिच्याकडे आला. हाच वाटणी मागणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता. पण चालून चालून त्याचाही सगळा ताठा उतरला होता.

"वैनी, सुटलीस बघ. बस आता," तो म्हणाला.

ठकाबाई मेंढरांकडे बघत होती. "कोंडूभावजी, त्यांची तोंडं बघा की. हलत्यात का?"

कोंडूने बघितलं. एकाही मेंढराचा जबडा हलत नव्हता. पोटात काही नसताना रवंथ कसला करणार? ती बसली नव्हती, पडली होती. जन्मभर मेंढरांमागे फिरलेल्या माणसांना हे कळू नये! पण सगळ्यांनाच बसायचं होतं, म्हणून सगळ्यांनाच ती बसलेली दिसली. कोंडूने मान खाली घातली आणि वहिनीकडे पाठ करून आडवा झाला.

ठकाबाई एकटी उभी राहिली. बसली असती तरी कुणी काही म्हणणार नव्हतं. सगळ्यांच्या लेखी शपथेतलं बसणं झालं होतं, बघायला जागं कुणी नव्हतं, आणि उद्या निम्मी मेंढरं मेलेली असती तर वाटून घ्यायला तरी काय उरलं असतं? हे सगळं तिच्या मनात आलं. तिला बसण्याचा मोह इतका झाला की तिने काठी आडवी धरून गुडघे थोडे वाकवलेसुद्धा. मग तिला वाटलं, इथे थांबले तर बसेन. म्हणून ती चालायला लागली. टेक समोर होता, ती टेक चढू लागली.

चढताना तिची घोंगडी खांद्यावरून घसरली. एक टोक मुठीत राहिलं आणि बाकीची मागे फरफटत आली. उचलून पुन्हा खांद्यावर घ्यायचीसुद्धा तिला ताकद नव्हती. तशीच ती ओढत वर गेली आणि वळली. खाली बघते तर ती आली त्या वाटेवर गवताचा एक पट्टा वेगळाच दिसत होता. वरची सगळी कुसळं घोंगडीच्या लोकरीत अडकून निघून आली होती आणि खाली नुसती पात उभी होती, विंचरल्यासारखी. कुसळं घोंगडीला चिकटतात हे कुणा धनगराला माहीत नव्हतं? ती वेचता वेचता त्यांचा जन्म जातो. पण तो त्रास म्हणूनच माहीत होता.

ती उतरली, पुन्हा चढली. कुसळांनी घोंगडी जड झाली, पोटऱ्या रक्ताने भरल्या, बोटं सुजली. एक म्हातारी मेंढी कशीबशी उठली आणि तिने त्या पट्ट्यात तोंड घातलं. त्या चरण्याच्या आवाजानेच कोंडू जागा झाला, असं सांगतात. त्याने वर बघितलं. मग आपली घोंगडी झटकली आणि वहिनीच्या शेजारून ओढायला लागला. पाठोपाठ एकेक करून सगळे उठले. दिवस कलेपर्यंत निम्मा टेक विंचरून झाला होता आणि मेंढरं त्यात मान खुपसून चरत होती.

उन्हं उतरता उतरता मेंढरं बसली. या वेळी जबडे हलत होते. ठकाबाई कळपातून फिरली, एकेकीचं तोंड बघत. शेवटच्या कोकरापर्यंत बघितलं. मग ती टेकाच्या अंगावर, विंचरलेल्या गवतात, एका दगडाला पाठ लावून बसली. "आता मला कुणी उठवू नगा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच घोड्यांवर बिऱ्हाडं लादली गेली. वाडाच तो, हलायलाच हवा. कोंडू तिला हाक मारायला वर गेला. तिची मान कलंडली होती आणि काठी हातातून सुटून लांब पडली होती. कोंडूने तिला उठवलं नाही. तो खाली आला आणि घोड्यांवरची ओझी उतरवू लागला. वाडा त्या दिवशी हलला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग हललाच नाही. तीच ही हिवरवाडी. पुढे पाऊस आला, गवत वाढलं आणि ती बसली होती ती जागा गवतात गेली, म्हणे.

म्हणजे ती झोपली होती की गेली होती, असं पाहुणे हमखास विचारतात. नानांना या प्रश्नाचा कंटाळा आहे. "आता उठवलंच न्हाय, तर कळावं कसं?" म्हणतात.

आजही घोंगड्या ओढायच्या दिवशी कुणी दमून गवतात बसलं, तर त्याला ऊठ म्हणायचं नाही, असा गावाचा दंडक आहे. ओढणारे त्याला वळसा घालून जातात. या दंडकाचा लाभ घेतात त्या मुख्यतः गावच्या सुना. वर्षभर ज्यांना चुलीपुढून, गोठ्यातून, पाण्यावरून कुणी ना कुणी हाक मारून उठवत असतं, त्या घोंगडी दोन पावलं ओढतात आणि फतकल मारून बसतात. खाली सासू उभी असते, पोर रडत असतं, दिवस मावळत असतो. सासू एकदा वर बघते, पोराला कडेवर घेते आणि घराकडे वळते.