दारावरची नोटीस

नोटीस लावली म्हणजे ती सगळ्यांनी वाचली, हा प्राचार्य निमकरांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कॉलेजच्या वेबसाइटवर ते सहीशिक्क्याच्या कागदाचा फोटो चढवायचे. अंध सुमेधा गायधनीचा फोन तिला अक्षरं वाचून दाखवायचा, पण फोटोपुढे नुसतं ‘चित्र’ म्हणून गप्प बसायचा. त्यामुळेच तिची परीक्षेच्या फॉर्मची मुदत हुकली.

“वर्ष गेलं तर मी काय करू? नोटीस लावली होती,” निमकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनच्या दारावर एक जाड पांढरा कागद चिकटला. कोरा समजून निमकर तीन दिवस त्याच्यासमोरून ये-जा करत राहिले.

चौथ्या दिवशी सुमेधाने भरलेला फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवला. “संमतीबद्दल आभार, सर.”

“कसली संमती?”

“दारावर ब्रेलमध्ये लिहिलंय. माझा फॉर्म घ्यावा आणि वेबसाइटवर यापुढे फोटो नको, अक्षरं टाकावीत. तीन दिवसांत हरकत न आल्यास संमती गृहीत धरली जाईल.”

“अगं, पण ती टिंबं मला वाचता येतात का?”

“नोटीस लावली होती, सर.”

निमकरांनी फॉर्म पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं.