ओढ्यापर्यंतचे अंगण

एका गावात एक विणकर आणि त्याची बायको राहत होती. त्यांचे घर इतके अरुंद, की हातमाग मांडल्यावर त्यांच्या लहानग्या बकुळाला उंबऱ्यावरच खेळावे लागे. तिला धावायला अंगण हवे, एवढाच विणकरणीचा ध्यास होता.

पैसे साठल्यावर दोघे रानाच्या कडेचे एक घर बघायला गेली. मागची मोकळी जागा थेट ओढ्यापर्यंत पसरली होती. दाराशी खांबाला एक साखळी लोंबत होती.

"बाबा, कुत्रा कुठाय?" विणकरणीने विचारले.

"होता," म्हातारा घरमालक म्हणाला. "अंगण किती देऊ, पोरी? किंमत तीच."

"अगं, थोडंच घे," विणकर हळूच म्हणाला.

"थोडंच घ्यायचं तर जुनं घर काय वाईट होतं? बाबा, ओढ्यापर्यंत द्या."

म्हातारा साखळीकडे बघत राहिला. "घे. पण रोज सारवशील तेवढंच तुझं. उरलेलं कुणाचं, ते मला विचारू नकोस."

नव्या घरी राहायला आल्यावर सुरुवातीला विणकरण पहाटेपासून झाडायची, शेणाने सारवायची. ओढा गाठेपर्यंत ऊन डोक्यावर यायचे. चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला वेळच उरेना, म्हणून माग थांबला. मग ती रोज थोडे कमी सारवू लागली, आणि गवत तेवढे पुढे सरकू लागले.

एका सकाळी ओल्या सारवणाच्या कडेला तिला पंजा उमटलेला दिसला. कुत्र्याच्या पायापेक्षा मोठा, नखांची खूण नसलेला. तिच्या अंगावर काटा आला. पण नवऱ्याला कळले तर तो म्हणेल, मी सांगत होतो. तिने शेणाचा गोळा घेतला आणि ठसा बुजवून टाकला.

दुसऱ्या दिवशी पंजा दाराच्या आणखी जवळ होता. तोही तिने बुजवला.

"तोंड का उतरलंय?" विणकराने विचारले.

"ऊन लागलं," ती म्हणाली.

एकदा दिवेलागणीला बकुळा घरात दिसेना.

"असेल तुझ्या अंगणात," विणकर हसत म्हणाला. "एवढं मोठं घेतलंयस, सापडायला वेळ लागणारच."

ती हसली नाही. "अहो, तिथे पंजे उमटत होते. मी ते सारवले."

विणकराचे हसू विरले. दोघे गवतापाशी धावली. हाक मारताच आतून बारीक आवाज आला, "आई, घर कुठंय? गवतच दिसतंय."

विणकरणीच्या डाव्या हाताला, आवाजापासून दूर, गवत हलले. वारा तर अजिबात नव्हता.

विणकर घरात पळाला आणि रिकाम्या मागावर बसला. खट्, खट्, खट्. कितीतरी दिवसांनी माग वाजू लागला.

"बकुळे, मागाच्या आवाजाकडे चालत ये. पळू नकोस," विणकरण म्हणाली. तिने आवाज कापू दिला नाही.

हलणारे गवत थबकले. मग गवताबाहेर दोन लहान हात आले. विणकरणीने लेकीला उचलून घेतले. मागे गवत पुन्हा हलले आणि ती सळसळ ओढ्याकडे निघून गेली.

सकाळी ती म्हाताऱ्याकडे गेली. "बाबा, जागा परत घ्या."

"कुठवर ठेवतेस?"

"चरख्यापाशी बसून बकुळा दिसेल तिथवर."

तिथे त्यांनी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. आता सारवणावर फक्त बकुळाची पावले उमटतात. पंजे अजूनही दिसतात, पण कुंपणाच्या पलीकडे. विणकरण ते रोज बघते, आणि घरात सांगते.

तात्पर्य: घराभोवती तेवढीच जागा मागावी, जेवढ्या जागेवर आपली रोज नजर राहील, आणि भीतीची खूण दिसली तर ती बुजवू नये, घरच्यांना सांगावी.