नाव पुसलेली जकातमाफी

एका राज्यात राजा मणिध्वज मरून दोन वर्षे झाली होती, तरी लोक जयजयकार त्याचाच करीत. गादीवर धाकटा भाऊ कनकध्वज होता. त्याच्या वाट्याला नुसते मुजरे. मणिध्वजाने हयातीत राज्यातल्या लोकांची सात वर्षांची जकात माफ केली होती. देणारा गेला, गोडवा मागे राहिला. मेलेल्याशी बरोबरी करणे फार कठीण, कारण मेलेला माणूस पुन्हा चुकत नाही.

त्या राज्यात दर सात वर्षांनी कौल होई. घरटी एक माणूस हळकुंड घेऊन येई आणि ज्याला राजा करायचे त्याच्यापुढे ठेवी. माफीची मुदत नेमकी कौलाच्या वर्षी संपत होती. सेनापती शार्दूल गावोगाव सांगत फिरे, "मला कौल द्या, माफी वाढवतो." कनकध्वजालाही ती वाढवणे भाग होते. पण रीत अशी, की दान वाढवले तरी दवंडी पहिल्या दात्याच्याच नावाने पिटायची. राबायचे धाकट्याने आणि दुवा घ्यायचा थोरल्याने! कनकध्वजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

तो काळ्या डोंगरावरच्या चेटकिणीकडे गेला.

"काय हवे, राजा?"

"भावाचे नाव नको."

तिने त्याला मोरपीस दिले. "तीन ठिकाणी फिरव. माफीच्या ताम्रपटावर, दवंडीवाल्याच्या ओठांवर, आणि राजमातेच्या ओठांवर. मग ते नाव कुणाला आठवणार नाही."

ताम्रपटावरची अक्षरे पाण्यासारखी ओघळून गेली. दवंडीवाला तोंड उघडून बसला आणि त्याला काही सुचेना. राजमाता दुपारची निजली होती. कनकध्वजाने तिच्याही ओठांवर पीस फिरवले. म्हातारी उठली ती विचारीत, "मला पुत्र किती?" त्याने सांगितले, "एकच."

दुसऱ्या दिवशी माफी वाढवल्याची दवंडी कनकध्वजाच्या नावाने पिटली. लोक त्याच्या वाटेवर फुले टाकू लागले. महिनाभर त्याला अन्न गोड लागले.

मग वेशीवरचे जकातदार सांगत आले, की परमुलखाच्या व्यापाऱ्याकडे जकात मागायला हात पुढे केला, की हात लाकडाचा होतो. माफी परक्यांनाही लागू झाली होती. खजिना आटला. मजुरी न मिळाल्याने गवंडी घरी गेले आणि तलावाच्या बांधाला भेग पडली. भेगेतून पाणी खालच्या पेठेत पाझरू लागले.

राजाच्या खिडकीत येऊन बसलेली एक साळुंकी म्हणाली, "ज्या दानाचा दाता पुसला, त्या दानाला अंत नाही."

"उपाय?"

"ते नाव कौलाच्या सभेत मोठ्याने घ्यावे, आणि माफी संपली असे सांगावे."

"पण ते नाव तर सारे विसरले."

"ज्याने एक दिवसही त्या नावावाचून काढला नाही, त्याला ठाऊक आहे," साळुंकी म्हणाली.

राजाने मान खाली घातली. खरेच, मोरपीस सगळीकडे फिरले होते, त्याच्या मत्सरावर मात्र फिरले नव्हते. गप्प राहिले तर कौल हमखास त्याचाच होता. पण बांध पावसाळाभर टिकणार नव्हता.

कौलाच्या दिवशी लोक हळकुंडे मुठीत धरून उभे होते. कनकध्वज उठला. तो मोठ्याने म्हणाला,

"ही माफी माझी नव्हे. माझ्या थोरल्या भावाने, मणिध्वजाने दिली. त्याचे नाव मी पुसले, कारण तुम्ही त्याच्यावर माझ्याहून जास्त माया करीत होता. तो माझ्यापेक्षा चांगला राजा होता. आजपासून माफी संपली. पहिल्या जकातीतून बांध दुरुस्त होईल."

ताम्रपटावर अक्षरे उमटली. जकातदारांची बोटे हलू लागली. राजमातेने पदराने तोंड झाकले आणि "मणी, माझ्या मणी" म्हणून ती रडली. धाकट्याकडे तिने पाहिलेही नाही.

शार्दूल ओरडला, "मला निवडा, एक पैसा घेणार नाही!"

खालच्या पेठेतली एक कोळीण पुढे आली. तिचे लुगडे गुडघ्यापर्यंत ओले होते. "बांध कोण बांधील, सेनापती?" तिने विचारले. तिने हळकुंड कनकध्वजापुढे ठेवले. मागून खालची पेठ आली, मग वरची. ढीग लहानच होता, पण शार्दूलच्या ढिगाहून थोडा मोठा.

लोकांनी हात वर केले आणि एका आवाजात गर्जना केली, "मणिध्वज महाराजांचा विजय असो!"

कनकध्वजाच्या अंगाचा पहिल्यासारखाच तिळपापड झाला. तशा जळत्या मनानेच तो सिंहासनावर बसला, बांधाच्या कामाचा हुकूम दिला, आणि पुढली सात वर्षे त्याने नीट राज्य केले.